पुसलेला बाण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बियाणे संघाचे सन्माननीय चेअरमन साहेब, व्यासपीठावरचे संचालक, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती मॅनेजर मोहनसिंगजी, गोदाम विभागाचे प्रमुख दौलतराव, मालेगाव-मेडशीकडून एसटीनं उभ्या उभ्या आलेले सभासद शेतकरी, आणि माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार आणि जयभीम.

मी देवमन अंभोरे, पंचिंग विभागाचा. विभागातर्फे दोन शब्द गोड बोलावेत, अशी मला सूचना आहे. माझ्याआधी जे जे बोलले, त्या सगळ्यांनी मोहनसिंगजींच्या नकाशाची तारीफ केली. या नकाशापायीच साहेबांना पुण्याला बढती मिळाली, असंही कळलं. तो नकाशा माझ्या पाठीमागच्या भिंतीवर आहे आणि आज त्याला झेंडूचा हार घातलेला आहे. भिंतीवरच्या तसबिरीला आपल्याकडे हार कधी घालतात, ते मी सांगायला नको. असो.

शेतकरी मंडळींना हा नकाशा कशाचा ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. यात ना वाशीम आहे ना रेल्वे. हा आपल्या कॉम्प्युटरच्या कामांचा नकाशा आहे. आमच्या विभागातल्या मुली आकडे नोंदवायला कार्डांना भोकं पाडतात, त्या कार्डांच्या पेट्या नागपूरला जातात, तिथं एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर आपलं काम होतं आणि छापील याद्या परत येतात. त्या यंत्राला प्रत्येक काम वेगळं शिकवावं लागतं. त्या शिकवणीला प्रोग्राम म्हणतात. आपले पाच प्रोग्राम होते: सभासदांचा, गोदामातल्या साठ्याचा, बियाणे वाटपाचा, पगाराचा, आणि उगवण तपासणीचा.

गेल्या वर्षी कंपनी बदलायची ठरली. नवी कंपनीही नागपूरचीच, पण तिचं यंत्र वेगळं, म्हणजे सगळे प्रोग्राम नव्यानं लिहिणं आलं. मग कोणते न्यायचे आणि कोणते सोडायचे? मोहनसिंगजी नुकतेच मुंबईहून शिकून आले होते. ते म्हणाले, सगळे प्रोग्राम भिंतीवर काढा. प्रत्येकाची एक चौकट, आणि ज्याचं काम ज्याला लागतं तिकडे बाण. एका नजरेत कळेल कोण कोणावर उभं आहे. कल्पना उत्तम होती. हे मी मनापासून म्हणतो, कारण यापुढं मनापासून म्हणण्यासारखं फार काही नाही.

मालेगावचे सैफुद्दीनभाई, दुकानांचे बोर्ड रंगवणारे, त्यांना बोलावलं. त्यांनी पाच चौकटी सारख्या काढल्या, बाण काढले. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या भिंतीपुढं लग्नातल्या पंगतीसारखा मानपान सुरू झाला. पगारवाले म्हणाले, आमची चौकट साठ्याच्या खाली का? सभासदवाले म्हणाले, आमचं अक्षर बारीक का? सैफुद्दीनभाई रोज पुसत होते, रोज काढत होते. ज्याचा हुद्दा मोठा त्याची चौकट मोठी झाली. दौलतराव सेवेत सर्वांत ज्येष्ठ, म्हणून गोदामाची चौकट बरोबर मधोमध आली आणि तिला सोनेरी काठ मिळाला. दौलतराव, आपण हसताय, म्हणजे आपल्याला आठवतंय.

उगवण तपासणीचं काम भागिरथाबाईंचं. हुद्द्यानं प्रयोगशाळा सहायक, म्हणून त्यांची चौकट गेली खाली कोपऱ्यात, दाराआड. दार उघडलं की ती झाकते. ठीक आहे, बाईंनी त्याचीही तक्रार केली नाही. पण त्यांचं काम काय? प्रत्येक गठ्ठ्यातलं, म्हणजे एका खेपेच्या पोत्यांतलं, थोडं बी ओल्या गोणपाटात घालायचं आणि कोंब किती येतात ते पाहायचं. कमी आले की गठ्ठा नापास. त्या गठ्ठ्याचा नंबर कार्डावर जायचा आणि वाटपाचा प्रोग्राम तो गठ्ठा यादीतून गाळायचा. म्हणजे त्या कोपऱ्यातून एक बाण वर वाटपापर्यंत जायलाच हवा. आणि मध्ये कोण? सोनेरी काठाचं गोदाम.

दौलतराव म्हणाले, "माह्या चौकटीवरून त्या बाईचा बान जानार नाई."

सैफुद्दीनभाई म्हणाले, "मंग कुठून नेऊ साहेब? भिंत तं एवढीच हाय."

तेव्हा मोहनसिंगजींनी तोडगा काढला. साहेब तोडग्यात हुशार, हेही आज बरेच जण म्हणाले. ते म्हणाले, "राहू द्या तो बाण. चौकट आहे ना भिंतीवर, तेवढं पुरे." सैफुद्दीनभाईंनी रॉकेलचं फडकं घेतलं आणि बाण पुसला. मी तिथं उभा होतो.

पुढं संचालकांची बैठक याच नकाशासमोर झाली. एका सन्माननीय संचालकांनी विचारलं, या कोपऱ्यातल्या चौकटीतून तर बाहेर काही जातच नाही, मग हिचा उपयोग कुणाला? कुणालाच नाही, असं ठरलं. चहा यायच्या आत उगवण तपासणीचा प्रोग्राम सोडून द्यायचा ठराव झाला.

मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, बाण दिसत नाही म्हणून संबंध नाही, असं कसं? साहेब म्हणाले, "देवमन, नकाशा मंजूर झालाय." मी विचारलं, मग नापास बी अडवायचं कोणी? म्हणाले, "कार्डं पूर्वीसारखी पाठवत जा. नवी कंपनी बघून घेईल." बाई तपासत राहिल्या, आमच्या मुली कार्डं पंच करत राहिल्या. वाटप उरकल्यावर नागपूरहून त्या कार्डांची पेटी न उघडता परत आली. ती वाचायला तिथं प्रोग्रामच नव्हता.

मेडशीला हायब्रीड ज्वारी गेली ती नापास गठ्ठ्यांतली. उगवली नाही. तिथले ग्यानबा आज इथं आले आहेत. त्यांनी भागिरथाबाईंना भर बाजारात विचारलं, "बाई, बी तं तूच पाह्यतं ना? मंग हे असं काहून झालं?" बाई म्हणाल्या, "भाऊ, मी तं नापासच केलं होतं. पन माहा निरोप पुढं गेलाच नाई." ग्यानबांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. संघानं ठेवला नाही. नापास बियाण्याची सूचना वाटप विभागाला दिली नाही, असा ठपका ठेवून बाईंना निलंबित केलं. आणि पुरावा काय जोडला? हा नकाशा. यात तपासणीकडून वाटपाकडे बाण नाही, अर्थात बाईंनी कधी काही कळवलंच नाही.

मंडळी, मला या नकाशाची किळस येते. रंगाची नाही, सैफुद्दीनभाईंचा हात चांगला आहे. खरं काय ते दिसावं म्हणून काढलेल्या चित्रात मान राहावा म्हणून खोटं घालायचं, ते खोटं पाहून निर्णय घ्यायचा, आणि निर्णय अंगाशी आला की तेच खोटं एका बाईच्या गळ्यात बांधायचं. आणि वर हार. स्वागताचा पेढा मी खाल्ला नाही, तो तबकात तसाच आहे.

निलंबित कर्मचाऱ्यांना समारंभाचं निमंत्रण देऊ नये, असा आदेश निघाला होता. भागिरथाबाई तरी आल्या आहेत, कारण त्या संघाच्या सभासदही आहेत. मागे मेडशीच्या मंडळींत बसल्या आहेत. सोमवारी त्यांच्या चौकशीचा शेवटचा दिवस. सैफुद्दीनभाई साक्षीला तयार आहेत, पण मला म्हणाले, "बोर्ड रंगवनाऱ्याची गवाही कोन धरते?" माझीही धरणार नाहीत, मी बाईंच्या बाजूचा समजला जातो. धरतील ती साहेबांची. आणि साहेब आज रात्रीच्या गाडीनं जात आहेत.

माझा वेळ संपला, चिठ्ठी आलेली दिसते. अध्यक्ष महोदयांनी मला एवढा वेळ बोलू दिलं, मंडपवाल्यांनी आणि माईकवाल्यांनी मेहनत घेतली, शेतकरी मंडळींनी कामाच्या दिवसांत वाट वाकडी केली, त्या सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान दुखावला असेल, काही कमी-जास्त झालं असेल, तर पोटात घालावं.

मोहनसिंगजी, आता उत्तरादाखल आपण बोलाल. पुण्याच्या प्रवासाला माझ्या शुभेच्छा आहेत. आपण आमचे आभार मानू नका, या नकाशाबद्दलही काही सांगू नका. तो बाण कुणाच्या सांगण्यावरून पुसला, एवढं एकच वाक्य बोला आणि सुखानं गाडीत बसा. चौकशी अधिकारी पहिल्या रांगेत बसले आहेत, त्यांना मुद्दाम बोलावून घ्यावं लागणार नाही.

भागिरथाबाई, तुम्ही जरा पुढं येऊन बसा. मागे नीट ऐकू येत नाही.