दोनच्या बसने गेलेली बातमी

नाही नाही, बुधवार लिहू नकोस. बुधवार मीच म्हणालो खरा, पण मंगळवारही असेल — माझ्या आठवणीवर जाऊ नकोस, रूपाली. सकाळी चष्मा कुठे ठेवला ते मला सांगता येत नाही, आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा वार सांगायला बसलोय. तू आपलं 'त्या दिवशी' असं लिही. आणि तो फोन जरा उलटा ठेव ना, त्याचा लाल ठिपका माझ्याकडे बघतोय. रेकॉर्ड होत राहू दे, हरकत नाही — म्हणजे हरकत आहे, पण तू वाचनालय मंडळाची नवी प्रसिद्धीप्रमुख, आणि मी जुना. एका प्रसिद्धीप्रमुखानं दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं?

तर हा कागद. माझंच अक्षर, माझीच कार्बन कॉपी. मंडळाच्या कपाटात सापडली म्हणतेस? सापडायचीच, मीच ठेवली होती. 'नत्थूजींचा भव्य सत्कार' — भव्य हा शब्द मी फुकट वापरायचो. आणि खाली ते भाषण, 'मी आज जो काही आहे तो अण्णाजींमुळे, मधल्या वर्षांत अबोला झाला ही माझीच चूक' — आणि ते वाचून तुझे आजोबा अण्णाजी दुसऱ्या दिवशी नत्थूजींच्या घरी गेले, अकरा वर्षांचं भांडण मिटलं. दरवर्षी वर्धापनदिनी कोणीतरी हे सांगतं, लोकांचे डोळे ओलावतात. आणि आता तू हे स्मरणिकेत छापणार, दोघांच्या फोटोंच्या समोरच्या पानावर. उद्या छापखान्यात जाणार. उद्याच ना? म्हणजे आज बोललंच पाहिजे. चहा घे आधी. आमच्या स्वयंपाकाच्या देवकाबाईंनी साखर कमी टाकली असेल तर सांग, माझ्या पथ्याच्या नावानं सगळ्यांनाच कमी टाकतात त्या.

बातमी कशी जायची, माहीत आहे तुला? आता तुम्ही कार्यक्रम चालू असतानाच फोटो टाकता, हार गळ्यात पडायच्या आत ग्रुपवर अंगठे. तेव्हा प्रभाकरराव होते — पेपरची एजन्सीही त्यांचीच, वार्ताहरही तेच. सकाळी पेपर विकायचे आणि दुपारी बातम्या गोळा करायचे. पाकीट दोनच्या बसने कंडक्टरजवळ नागपूरला जायचं. कार्यक्रम असायचा संध्याकाळी पाचला. मग? मग बातमी सकाळीच लिहायची. अगं, सगळे तसंच करायचे — 'मान्यवरांनी मनोगत व्यक्त केले, सूत्रसंचालन अमक्यानं, आभार तमक्यानं.' आणि नावं. प्रभाकररावांचं एकच सांगणं, 'सर, नावं घाला, जितके नावं तितके पेपर खपते.' म्हणून कार्यकारिणीतली सगळी नावं 'प्रमुख उपस्थिती'त घालायची, माणूस येवो न येवो. एकदा तर आमचे एक सदस्य दवाखान्यात भरती होते, तरी माझ्या बातमीत त्यांनी दीपप्रज्वलन केलं. त्यांच्या बायकोनं तो पेपर जपून ठेवला होता.

हसू नकोस. मी रसायनशास्त्राचा डॉक्टर आहे. एकतीस वर्षं पोरांना सांगत आलो की प्रयोग व्हायच्या आधी वहीत आकडा लिहायचा नाही. कोणी लिहिला तर वही फेकून दिली आहे मी. आणि घरी येऊन काय करायचो, तर हे.

पण साध्या बातमीवर थांबलो असतो तर ठीक होतं. त्या दिवशी हात थांबला नाही. नत्थूजी सत्कारमूर्ती, अण्णाजी कार्यकारिणीत म्हणून त्यांचं नाव हजरांत — ते येणार नव्हते, नत्थूजी जिथे असतील तिथे ते जायचेच नाहीत — आणि मला वाटलं, नत्थूजी भाषणात असं बोलले तर? असं म्हणाले तर किती बरं होईल? लिहून टाकलं. मनात म्हटलं, दुपारी नत्थूजींना भेटू, म्हणू, बाबा, एवढी दोन वाक्यं बोला, मी लिहूनच बसलोय. भेटलो का? नाही. हिंमतच झाली नाही.

आणि संध्याकाळी कार्यक्रमच झाला नाही.

हो. बरोबर ऐकलंस. आमचा शिपाई चंदन सभागृहाची किल्ली खिशात घालून पुलगावला साळ्याच्या लग्नाला गेला होता. आम्ही पंधरा-वीस माणसं पायऱ्यांवर, नत्थूजी धुतलेलं धोतर नेसून मधे, आणि शाल-श्रीफळ आत, कुलपात. साडेसहापर्यंत बसलो. नत्थूजी उठले, म्हणाले, 'जाऊ द्या, म्या काही शालीवाचून थंडीत नाई मरून राह्यलो,' आणि घरी गेले. मी धावत एसटीडी बूथवर. नागपूरला फोन लावला, बातमी थांबवा म्हणून. दोनदा लावला, दोन्हीदा एंगेज. खरं सांगू? एकदाच लावला. एंगेज लागला तेव्हा मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी पेपर उघडलाच नाही. दाराला कडी लावून खिडकीत बसलो — नत्थूजींचं घर समोरच, ते निळं दार. म्हटलं, आता नत्थूजी येणार आणि माझी कॉलर धरणार. तर आठच्या सुमाराला गल्लीत कोण? अण्णाजी. हातात पेपर. अकरा वर्षं ज्या दारावरून मान फिरवून जायचे, त्या दाराची कडी त्यांनी वाजवली. मला इथपर्यंत ऐकू आलं. म्हणाले, 'नत्थ्या, पेपरात माही हजेरी लागली बे तुह्या सत्काराले. म्हटलं, आता जाऊनच येतो. शाल कुठी हाय?'

नत्थूजींनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाले, 'कुलपात.'

आणि मग दोघं असे हसले — सीताबाई, नत्थूजींच्या मंडळी, हातातला कणकेचा गोळा घेऊनच बाहेर आल्या काय झालं म्हणून. संध्याकाळी चंदन किल्ली घेऊन आला आणि नत्थूजींना शाल अण्णाजींनीच पांघरवली, ओसरीवर, ना माईक ना हार. लोकांनी पुढे ओसरीवरची ती शाल आदल्या दिवशीच्या सत्कारातच जमा करून टाकली. पायऱ्यांवर बसलेले कोणी बोलले नाहीत — सगळ्यांची नावं छापून आली होती, कशाला बोलतील? मीही बोललो नाही. हजेरीचं ते अण्णाजी गमतीनं म्हणाले, खरं म्हणजे त्यांना माझं भाषण भिडलं — असं मी धरून चाललो. पेपर केव्हाच रद्दीत गेले, दरवर्षी कोणी कपाटातली माझी कार्बन कॉपीच वाचायचं, आणि मी मागच्या रांगेत खाली मान घालून बसायचो. लोकांना वाटायचं, काय नम्र माणूस. लाज वाटायची, पण गोडही वाटायचं, दोन्ही.

काय म्हणालीस? भांडण कशावरून झालं होतं? ते कशाला हवंय तुला... स्मरणिकेत नाही ना घालणार? सभागृहाच्या उद्घाटनाची पत्रिका होती. अण्णाजींचं नाव वर, ठळक. नत्थूजींचं खाली, बारीक टायपात, जागा उरली नव्हती म्हणून. नत्थूजींनी सभागृहासाठी दारोदार फिरून वर्गणी जमवली होती, आणि त्यांचं नाव वाचायला डोळे बारीक करावे लागायचे. अण्णाजींनीच तसं सांगितलं असणार, असं त्यांनी डोक्यात घेतलं. अण्णाजींना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. पत्रिकेचा मजकूर — अगं, कोणाचा असणार? प्रसिद्धीप्रमुख कोण होतं?

बघ, आता सगळंच सांगून बसलो. तो फोन बंद कर. हा कागद इथेच ठेव, हे भाषण छापू नकोस, आणि त्या पानावर माझं नावही नको. कपाटात परत ठेवायचा असेल तर वर पेन्सिलीनं लिही की प्रयोग झाला नाही. जा तू आता, तुझी बस निघेल, आणि माझी झोपेची वेळ झाली.

थांब. चपला घालता घालता ऐक, आणि मग काही विचारू नकोस. दोन हजार सोळा साली वर्ध्याला डोळे तपासायला गेलो होतो, नंबर यायला तीन तास होते, म्हणून तिथल्या ग्रंथालयात जाऊन पेपरची ती जुनी फाइल काढली. बातमी आहे — पाचव्या पानावर, बियाण्याच्या जाहिरातीला चिकटून. तीच जाहिरात मोठी आली असावी, कारण माझं भाषण त्यांनी उडवलंय. एक ओळसुद्धा नाही. फक्त सत्कार झाला एवढं, आणि खाली हजर असलेल्यांची नावं — त्यात नत्थूजी आणि अण्णाजी शेजारी शेजारी, एकाच आकाराच्या टायपात.