डब्यात मुंग्या येत नाहीत

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाच्या विश्वस्त बाई, प्रमुख पाहुणे वीज मंडळाचे अभियंता साहेब, व्यासपीठावर जरा दाटीवाटीने बसलेले मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती आणि आपल्या सगळ्यांच्या केबलवाल्या वहिनी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या शेजारी बंधू-भगिनींनो,

मला बोलायची सवय नाही. माझा धंदा लोकांच्या तोंडाचा असला तरी तो गप्प राहून करायचा धंदा आहे. मी कवळ्या बनवतो. समोरचा माणूस तोंड उघडून बसलेला असतो, त्यामुळे आमच्याकडे संभाषण असं फारसं होत नाही. म्हणून संयोजकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, दुसरं कुणी बघा. त्यावर संयोजक म्हणाले, "वहिनी सगळ्यात जास्त वेळा कुणाच्या घरी आल्या, ते बघून आम्ही वक्ता निवडलाय." यावर मी काय बोलणार? इमारतीतल्या कुणालाही विचारा. वहिनींची शिडी जिन्यात दिसली की लोक विचारायचेही नाहीत. आमच्याकडेच चालल्या असणार.

याचं कारण माझ्या सासूबाई. आमच्या घरात आम्ही तिघं. मी, माझी पत्नी आणि तिच्या आई. पत्नी रुग्णालयात परिचारिका, प्रसूती विभागात. तिच्या पाळ्या अशा, की निम्मा वेळ घरात जावई आणि सासू दोघंच. आता जावई आणि सासू यांनी एकमेकांशी काय बोलावं, हे कुणी ठरवून दिलेलं नाही. आम्ही ते टीव्हीवर सोपवलं होतं. त्या म्हणायच्या, "जावईबापू, आवाज वाढवा." मी वाढवायचो. जाहिरात लागली की त्या म्हणायच्या, "कमी करा." मी कमी करायचो. अशा तऱ्हेने आमचं अत्यंत सलोख्याचं नातं वर्षानुवर्षं चाललं.

आणि रोजचं एक वाक्य ठरलेलं. "चित्र स्वच्छ नाही. पोरीला बोलवा."

पोर म्हणजे या वहिनी. यजमान गेल्यावर त्यांनी तळमजल्यावरची ती केबलची कंट्रोल रूम एकटीने हातात घेतली, तेव्हापासून सासूबाई त्यांना पोरी म्हणतात. वहिनी यायच्या. टीव्हीमागे वाकून तार बघायच्या, जॉइंट काढून घासून परत बसवायच्या, गच्चीवर जाऊन यायच्या. मग विचारायच्या, "मावशी, आता?" सासूबाई डोळे बारीक करून म्हणायच्या, "आहे, थोडं बरं आहे. मुंग्या आहेत, पण चालेल. चहा घेऊन जा." चहा व्हायचा. चांगला तासभर व्हायचा. अध्यक्षबाई, मला त्या तासाची तक्रार नव्हती. त्या तासात रिमोट माझ्याकडे असायचा.

मला चित्र ठीक दिसायचं. नाही म्हणायला जुन्या लाइनचं चित्र ते, प्रत्येक माणसामागे त्याची एक फिकट सावली उभी असायची, पावसात मुंग्या यायच्या. पण माणूस कोण ते कळायचं. सासूबाईंना ते कळेनासं झालं होतं. त्या टीव्हीच्या अगदी जवळ स्टूल ओढून बसू लागल्या. विचारलं तर, "जवळून आवाज बरा येतो." पेपर वाचायच्या बंद झाल्या. "हल्ली पेपरात वाचण्यासारखं काही नसतं." आमटीत मीठ दोनदा पडलं. "हे मीठच बेचव निघालंय." प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं, आणि प्रत्येक उत्तर पटण्यासारखं होतं. पेपराबद्दलचं तर मला इतकं पटलं, की मीही वाचायचा बंद झालो.

मग ती जुनी लाइन बंद होणार असल्याची पट्टी पडद्याच्या खालून सरकू लागली. अमुक तारखेपासून प्रक्षेपण बंद, सेट-टॉप बॉक्स, म्हणजे आपला डबा, घ्या. सासूबाईंना ती पट्टी वाचता येत नव्हती, हे आज मला माहीत आहे. तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या त्या मालिकेचीच काहीतरी जाहिरात असेल." वहिनी दारोदार जाऊन सांगत होत्या, समजावत होत्या. डबा म्हणजे काय, तो कुठे ठेवायचा, दोन रिमोट का. स्वतःची लाइन स्वतःच्या तोंडाने बंद होणार म्हणून सांगत फिरणं, अभियंता साहेब, हे काम तुमच्या खात्यातसुद्धा कुणाच्या वाट्याला येऊ नये.

ठरलेल्या संध्याकाळी लाइन बंद झाली. पडद्यावर नुसत्या मुंग्या आणि खरखर. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी डबा घेतलेला नव्हता. सगळे गॅलरीत आले. खालून ओरडा, वरून ओरडा. "तुमच्याकडे दिसतंय का?" "नाही हो, तुमच्याकडे?" आणि आमच्या घरात सासूबाई स्टुलावर बसून त्या मुंग्यांकडे बघत होत्या, आणि काय सांगू, फार खुशीत होत्या. मला म्हणाल्या, "म्हणजे कुणालाच दिसत नाही ना?" मी म्हटलं, "कुणालाच नाही." त्या म्हणाल्या, "बरं झालं," आणि आत जाऊन शिरा करून घेऊन आल्या. मला वाटलं, वय झालंय, शेजाऱ्यांची फजिती बघून माणसाला बरं वाटतं. आता कळतं. त्या एका संध्याकाळी आख्ख्या इमारतीला त्यांच्याइतकंच दिसत होतं.

पुढे आमच्याकडे डबा आला. वहिनींनीच आणून बसवला. काय चित्र ते! क्रिकेटच्या मैदानातलं गवत पात्यापात्याने दिसायला लागलं. माझी पत्नी पाळीवरून आली ती चप्पल घालूनच उभी राहिली. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मला हे नको. जुनं लावून द्या."

"आई, जुनं आता कुठेच नाहीये," पत्नी म्हणाली.

"पोरीकडे असेल. तिला सांगा, आपल्यापुरतं चालू ठेव म्हणावं."

पुढचे काही दिवस आमच्या घरात जे झालं, त्याने माझ्या नाकी नऊ आले. आम्हाला वाटलं म्हातारपणचा हट्ट. पत्नी समजावून थकली. मी प्रयत्न केला, पण आवाज वाढवा आणि कमी करा यापलीकडे आमच्या बोलण्याचा सराव नव्हता. शेवटी वहिनींना बोलावलं. त्यांनी तार बदलली. डबा बदलला. तरी नाही म्हटल्यावर या बाई स्वतःच्या घरचा टीव्ही रिक्षात घालून घेऊन आल्या, आमच्या टेबलावर ठेवला, जोडला, आणि नेहमीसारखं विचारलं, "मावशी, आता?"

सासूबाईंनी नेहमीसारखे डोळे बारीक केले. "आहे, थोडं बरं आहे. पण मुंग्या आहेत अजून."

वहिनी म्हणाल्या, "मावशी, डब्यात मुंग्या येत नाहीत."

"म्हणजे?"

"यात चित्र येतं, नाहीतर जातं. फार तर चौकोन चौकोन होऊन अडकतं. मुंग्या यायची सोयच नाही यात."

टीव्हीवर एक गृहस्थ गादीचे फायदे सांगत होते. सासूबाईंनी चाचपून रिमोट शोधला. तो त्यांच्या मांडीवरच होता. मी आयुष्यभर लोकांच्या तोंडात मिलिमीटरचा फरक शोधतो, आणि माझ्या घरात माणूस मांडीवरचा रिमोट चाचपून शोधतं, हे मी त्या क्षणी पहिल्यांदा बघितलं.

वहिनी त्यांच्या स्टुलाजवळ खाली बसल्या. "कधीपासून दिसत नाही मावशी?"

"दिसतं की. सगळं दिसतं." मग रिमोट बाजूला ठेवून, "माणसं दिसतात. तोंडं दिसत नाहीत."

"मग सांगितलं का नाही?" हे मी विचारलं. आवाज जरा चढला असावा. भीतीने चढतो तसा.

त्या माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे वळून म्हणाल्या, "सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही मला सुरी दिली असती का हातात? गॅस पेटवू दिला असता? खाली एकटीला जाऊ दिलं असतं? दात तुम्ही केलेत, जावईबापू. चांगले केलेत. पण दात तुमचे, डोळे डॉक्टरांचे, एकेक करून सगळंच दुसऱ्याच्या हातात गेलं, तर माझं म्हणून काय राहिलं? केबल खराब आहे म्हटलं की भागत होतं."

मित्रहो, खरं सांगायचं तर सुरी मी खरंच काढून घेतली असती.

वहिनी हसून म्हणाल्या, "आणि मला वाटायचं, मावशींना गप्पांना कुणी नाही, म्हणून बोलावतात. लाइन तर तुमची इमारतीत सगळ्यात स्वच्छ होती."

"गप्पा पण हव्याच होत्या," सासूबाई म्हणाल्या.

पत्नी घरी आल्यावर तिला सांगितलं. ती पहिल्यांदा रागावली, मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. इतक्या लोकांना तपासताना मदत करते ती. मला म्हणाली, "अहो, मी आईच्या डोळ्यांत बघितलं की मला आईच दिसायची. डोळे दिसलेच नाहीत." डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे, चांगलाच पिकलाय. अजून थांबला असतात, तर अवघड झालं असतं.

सासूबाई ऑपरेशनला तयार झाल्या, पण एका अटीवर. "पोरीने बरोबर यायचं."

"आई, मी आहे ना? मी परिचारिका आहे."

"तू बाळंतपणं करतेस. तिला तारा जोडता येतात. डॉक्टरने काही भलतंच जोडलं तर तिला कळेल."

हसू नका. डॉक्टरांना हे कळलं तेव्हा तेही हसले होते, पण वहिनी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "येते." आणि ठरल्या दिवशी सकाळी साडी-बिडी ठीक करून, पिशवीत पाण्याची बाटली घेऊन त्या रुग्णालयात हजर. पत्नी आईबरोबर आत गेली, आणि ऑपरेशनच्या दाराबाहेरच्या बाकावर वहिनी आणि मी शेजारी बसलो. त्यांचा फोन सारखा वाजत होता. त्या बघायच्या आणि परत पिशवीत ठेवायच्या. शेवटी मी विचारलं, काही तातडीचं आहे का?

त्या म्हणाल्या, "टेम्पो आलाय. कंट्रोल रूम मोकळी करतायत. यंत्रं नेतायत सगळी."

मी म्हटलं, "अहो, मग तुम्ही तिथे असायला हवं. मी आहे इथे."

त्या म्हणाल्या, "भंगारात जाणार ती. आमच्या यांनी हाताने जोडलेली होती. बघत उभं राहण्यापेक्षा इथे बरं. इथे काहीतरी चालू होतंय."

अध्यक्षबाई, मी कमी बोलणारा माणूस आहे, हे सुरुवातीला सांगितलंच. त्या बाकावर मी त्याहून कमी बोललो. चहा आणला, एवढंच.

डॉक्टरांनी पट्टी एक रात्र ठेवायला सांगितली होती. दुसऱ्या दिवशी ती काढली तेव्हा आम्ही तिघं समोर उभे होतो. पत्नी पुढे, मी मागे, वहिनी दाराशी. सासूबाईंनी डोळा हळूच उघडला. लेकीकडे बघितलं, तिच्या गालाला हात लावला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वजन वाढलंय." मग दाराकडे बघत राहिल्या. बराच वेळ. आणि म्हणाल्या, "पोरी, तुझे केस पांढरे झाले गं."

वहिनींनी डोक्याला हात लावला.

"कधी झाले?"

"तुमच्याकडे येता-जाताच झाले मावशी," वहिनी म्हणाल्या.

सासूबाईंनी त्यांना जवळ बोलावलं, बाजूला बसवलं, आणि कितीतरी वर्षांचं राहून गेलेलं बघून घेतलं. आम्ही नवरा-बायको बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिलो.

पुढचं थोडक्यात. दुसरा डोळाही झाला. सुरी सासूबाईंकडेच आहे, गॅसही. मालिकेची नायिका त्यांच्या मनातून उतरली. "एवढी मोठी बाई कॉलेजात काय करतेय?" असं म्हणून त्यांनी मालिका सोडली आणि आता त्या माझ्याबरोबर क्रिकेट बघतात. पंच चुकला की मला सांगतात. त्यामुळे आमच्यात बोलणं वाढलंय. मध्यंतरी भांडणही झालं एक. चांगलं झालं.

वहिनी आता आपल्या बहिणीच्या गावी चालल्यात. तिची रोपवाटिका आहे, तिथे मदत करणार म्हणतात. वहिनी, तिथे मुंग्या येतात, हे मी आधीच सांगून ठेवतो. तुमच्याबद्दल इथे सगळे म्हणतील की तुम्ही आम्हाला जग दाखवलंत वगैरे. ते त्यांनी म्हणावं. मला एवढंच म्हणायचंय, की ज्या दिवशी तुमचं स्वतःचं सगळं उचलून नेत होते, त्या दिवशी तुम्ही आमच्या बाकावर बसला होतात. हे आमच्या घरात कुणी विसरणार नाही.

संयोजकांचे आभार. अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे बघूनही मला थांबवलं नाही, त्यांचे विशेष आभार. अभियंता साहेब, दिवे गेले नाहीत, आपलेही आभार. बोलण्याच्या ओघात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

माझ्या सासूबाईंना संयोजकांनी पहिल्या रांगेत जागा ठेवली होती. त्या शेवटच्या रांगेत जाऊन बसल्यात, मुद्दाम. आणि मगाचपासून तिथून मला खुणा करून सांगतायत, की माझ्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलंय. खाली बघितलं. खरंच गेलंय. तेव्हा ते नीट लावायला जातो. नमस्कार.