तिरका शिपाई सरळ केला

इतिहास चुकांमध्येच जिवंत राहतो, असं गंभीर वाक्य नायगावच्या बसस्टॉपवर माझ्या मागून ऐकू आलं. एक थकलेले गृहस्थ बायकोला समजावत होते.

"म्हणून तर तुमच्या वाढदिवसाला ती चूक दुरुस्त करून आणली ना."

"अगं, त्या सोव्हिएत पदकावरचा शिपाई कारखान्यातच तिरका बसला होता. तसं चुकलेलं पदक संग्रहासाठी मिळायला मला नऊ वर्षं लागली."

"आता बघा कसा सावधान उभा आहे. दादरच्या सोनारानं ठोकून दिला."

"सावधान उभे असलेले ढिगानं मिळतात."

"मागची ती वाकडी तारपण काढली. टोचत होती."

"ती त्या सैनिकानं स्वतः लावली होती. आघाडीवर."

"मालकानं केलेल्या बदलांनाच किंमत असते, असं तुम्हीच म्हणता."

"हो, पण मालकानं."

"मग मी घरात कोण आहे?"

"...तार कुठंय?"

"सोनाराकडेच राहिली."

"त्यानं टाकली नसेल ना गं?"

"टाकली असेल तर नवी लावून देईल. चला, आत्ताच विचारू."

दादरची बस आली आणि दोघं चढले. त्या दिवशी सोमवार होता. सोमवारी दादरची दुकानं बंद असतात.