बाजूच्या सीटचा पट्टा

गॅरेजच्या बाकावर आपल्या गाडीची वाट बघत बसलेल्या बाईंचे कान केव्हाच शेजारच्या गाडीकडे लागले होते. मेकॅनिक आत वाकला होता आणि एक आजोबा दाराशी उभे होते.

"स्प्रिंग ठणठणीत आहे, आजोबा. वर कपड्यांचा चिमटा लावलाय, म्हणून पट्टा आत जात नाही."

"चिमटा? निळा?"

"निळाच. कुणी लावला?"

"आमच्या हिने, दुसरं कोण! कपडे वाळत घालताना असले चार-चार दातात धरायची."

"पण पट्ट्याला कशाला?"

"गळ्याला काचतो म्हणून कायम कुरकुर. मी म्हणायचो, नखरे पुरे. मग एक दिवस कुरकुर बंदच झाली. मला वाटलं, झाली सवय."

"सैल पट्ट्याचा उपयोग शून्य, आजोबा. काढू ना?"

"काढा. आता गाडी लेक चालवणार, मी या बाजूला. टाकू नका हो चिमटा, द्या इकडे."

पट्टा सुळकन आत गेला.

"बसा, लावून बघा."

आजोबा चिमटा मुठीत धरून बसले. पट्टा ओढून खटकन लावला.

"बसतोय ना नीट?"

"बसतोय. पण काचतो हो, खरंच."