फत्त्यासाठी थांबलेला स्लॅब

समारंभाच्या अध्यक्षा डॉ. इन्साफ, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेले सत्कारमूर्ती मुख्य अभियंता तलअत बे, आणि मागच्या रांगांत अवघडून बसलेले माझे गवंडी व सळईवाले बंधू, सर्वांना सलाम.

आधीच्या वक्त्यांनी बेंना काँक्रीटची उपमा दिली. तीस वर्षं मी झगाझीगच्या आपल्या प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे फोडतोय, तेव्हा मलाही थोडं बोलू द्या. सिमेंट, वाळू, खडी, पाणी, एवढाच मामला. लोकांना वाटतं काँक्रीट वाळतं. वाळत नाही हो, ते पाणी पिऊन दगड होतं. पाणी पडलं की त्याचं घड्याळ सुरू, आणि ते कुणाचा हुद्दा बघून थांबत नाही. बेंना हे ठाऊक नव्हतं असं मी कसं म्हणू? यावरची पुस्तिका त्यांनीच लिहिली आहे.

मुलींच्या शाळेचा स्लॅब आठवतो ना? ऑगस्टचं ऊन होतं. स्लॅबच्या दिवशी वासरू कापायचं, खांबावर रक्ताचे पंजे उमटवायचे आणि मजुरांना भात-भाकरी-मांसाचा फत्ता वाढायचा, ही आपली रीत. पण पंगत बसायची ती स्लॅब पुरा झाल्यावर. त्या दिवशी बडे पाहुणे लवकर आले, आणि बेंनी काम अर्ध्यावर थांबवलं. शहाता मुकादम आडवा आला.

"साहेब, एवढं पुरं होऊ द्या. ते आपल्यासाठी थांबायचं नाही."

"का रे शहाता, काँक्रीटला पण भूक लागते का?"

सगळे हसले. मीही हसलो, तोंडात घास होता.

अडीच तासांनी काम पुन्हा सुरू झालं. तोवर आधीचं घट्ट झालेलं, त्यानं नव्याला जवळ केलं नाही. दीड वर्षानं एका शुक्रवारी, वर्ग रिकामे असताना, छत त्याच जुन्या-नव्याच्या जोडरेषेवर खाली आलं. अहवालात आलं, मुकादमानं जास्तीचं पाणी घातलं. मजकूर बेंचा, सही माझी. शहाताचं काम गेलं, नाव गेलं, मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. अकरा वर्षं तो याच इमारतीत चहा करतो. आत्ता आपण प्यालात तो त्याचाच. बरा होता ना, बे?

बसा, बसा. भेटवस्तू राहिली आहे. त्या रेषेचं एक टोक न पडता भिंतीलगत लटकून राहिलं होतं. तिथून यंत्रानं गोल कापून काढलेला हा वीतभर तुकडा अकरा वर्षं माझ्या कपाटात लपवलेला होता. माझा भित्रेपणा, दुसरं काय. ती सही खोटी होती, असं पत्र मी मघाशीच अध्यक्षांच्या हाती दिलंय. शहाताचं नाव त्या अहवालातून निघावं, एवढीच विनंती.

आता ही हिरवी फीत बेंनी आपल्या हातानं सोडावी. लाजू नका, सगळे बघताहेत.

हं. फीत सुटताच तुकड्याचे दोन झाले. डाव्या हातात जेवणाआधीचं काँक्रीट, उजव्या हातात जेवणानंतरचं. टाळ्या वाजवा की.

आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचा ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. बेंकडे मात्र मी माफी मागणार नाही. शहाता, ती किटली खाली ठेव आणि पुढं ये. माफी तुझी मागायची आहे. आधी मी मागतो, मग बे.