पाइपाची भोकं

आमच्या परसातली वांगी कशी गेली, ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही. माझ्या बायकोनं नव्याकोऱ्या रबरी पाइपाचं टोक बांधून त्याला दाभणानं भोकं पाडली होती, प्रत्येक झाडापाशी एक. तोटी सोडली की पाणी नेमकं मुळाशी झिरपायचं. मी मात्र गावभर सांगत फिरलो, "बाईनं चांगल्या पाइपाची चाळण केली."

त्याच उन्हाळ्यात ती गेली. अस्थी घेऊन नाशिकला निघताना शेजारच्या नामदेवभाऊंना म्हणालो, "रोज सकाळी टाकीची तोटी तेवढी सोडा."

आठ दिवसांनी परतलो, तर सगळी वांगी करपलेली. नामदेवभाऊ लगबगीनं कुंपणापाशी आले.

"गुरुजी, पाइप पाह्यला का? सायकलवाल्याकडून सारे पंक्चर काढून आणले. बावीस होते!"

"काऊन हो, भाऊ?"

"तुम्हीच त म्हणत होते, वयनीनं पाइप खराब केला. म्हटलं, तुमच्यामागचं एक काम तरी कमी होईन. आता थेंबबी गयत नाही. रोज तोटी सोडली, पण टाकी अजून भरेलच हाये."

माझंच बोलणं त्यांनी मनावर घेतलं होतं.

"वयनी असत्या त खुश झाल्या असत्या," ते म्हणाले.

मी "हाव" म्हणालो आणि दाभण शोधायला घरात गेलो. ते कुठं असतं, हे फक्त तिलाच ठाऊक होतं.