नावेचं ठिगळ

सदर बाजारातल्या हार्डवेअर दुकानात माझ्यापुढे रांगेत नवरा-बायको होते. बायको म्हणाली,

"काहून वाळत नाही हे चिकटवायचं रेझिन? बाबांच्या नावेला ठिगळ लावून तीन दिवस झाले, अजून हाताला चिकटते."

"हे जुन्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेलं आहे, विनता. हळू वाळते म्हणे."

"मग कडक व्हायला हार्डनर अजून टाकायचं काय?"

"जास्त टाकलं तर तडकते. वरून चिकटलं तरी आतून कडक होते, असं दुकानातला भैया म्हणाला."

"अच्छा, मग झालं काय कडक?"

"तुझ्या बाबांनी पाहिलं असेल ना."

"बाबा तर म्हणाले, जावईबापूंनी पाहिलं! सकाळीच नाव घेऊन धरणात गेले ते."

"फोन लाव, फोन लाव!"

"बाबा, नावेत पाणी शिरून राहिलं काय? नाही?... अहो, पाय कोरडे आहेत म्हणतात."

"मग वाळलं कधी?"